सुनंदाच्या दोन टाळ्या

रविवार, संध्याकाळ

सुनंदाचा सिनेमा पाहून आले. चांगला झालाय, तेच खुपतंय. निफाडच्या द्राक्षबागेत, तिथलीच माणसं घेऊन केलाय.

सिनेमा संपल्यावर प्रेक्षकांतून कुणीतरी तिला विचारलं, "मॅडम, तुम्ही ‘अ‍ॅक्शन’ म्हणत नाही म्हणे?"

"गावातली माणसं त्यानं अवघडतात. मी दोन टाळ्या वाजवते."

दोन टाळ्या! कॉलेजात एकांकिका मी बसवायचे, तेव्हा तालीम सुरू व्हायची ती माझ्या दोन टाळ्यांनी. सुनंदा विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करायची. आता माझं नाव घेईल म्हणून खुर्चीत ताठ बसले. नाही घेतलं. विसरली? की ती सवय तिला खरंच स्वतःची वाटते?

बाहेर तिनं हात धरला. "शैला, खरं सांग, कसा वाटला?"

"मध्ये लांबलाय."

"तू अजून तश्शीच गं!" म्हणजे आठवतंय तर सगळं.

पण नोकरी लागल्यावर नाटक सोडलं ते मीच. तिनं सोडलं नाही. मग मी जळतेय कशावर?

घरी येऊन स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि दोन टाळ्या वाजवल्या. अजून तशाच खणखणीत.

बाहेरून यांनी विचारलं, "काय गं, डास झालेत का?"

"हो," म्हटलं आणि कुकर लावला.