नखं साफ करणारी कोळंबी

७ जानेवारी. तारकर्ली.
कोल्ड स्टोरेजच्या स्टाफची ट्रिप. आज स्कूबा केलं. खाली खडकाला हात टेकला, तर लाल पाठीची, लांब पांढऱ्या मिशांची बोटभर कोळंबी आली आणि माझ्या नखांतली बटाट्याची माती काढायला लागली. माझी बायको ज्योत्स्ना रविवारी पिन घेऊन बसायची तशीच. अंगठ्यापासून सुरुवात. वर आल्यावर इन्स्ट्रक्टर म्हणाला, ती माशांच्या तोंडात शिरून दातही साफ करते, डायव्हरच्या हातावर येणं नेहमीचंच. विषय संपला. ज्योत्स्नाला जाऊन दोन वर्षं झाली. मी सावरलेलो आहे.

९ जानेवारी. मंचर.
निश्चय: घरी खाऱ्या पाण्याची टाकी. हेतू निव्वळ वैज्ञानिक. आत्मा, पुनर्जन्म आपण मानत नाही, धम्मात त्याला जागाच नाही. विहारात याच विषयावर माझं भाषण झालंय. टाळ्या पडल्या होत्या.

२ फेब्रुवारी
पुण्याहून टाकी, मीठ, कोळंबी आली. हॉलमध्ये ठेवणार होतो. उजेडाच्या दृष्टीने स्वयंपाकघर योग्य वाटलं. ओट्याशेजारी.

५ फेब्रुवारी
खडकामागून फक्त मिशा दिसतात. मी कांदा चिरायला घेतला की पुढे सरकतात. पाठ वळवली की कोणीतरी बघतंय असं वाटतं. बघतच असणार, तिला डोळे आहेत. यात भुताटकी काही नाही. तरी टीव्ही मोठ्याने लावून ठेवला.

१० फेब्रुवारी
प्रयोगासाठी नखं कापणं बंद. मॅनेजर म्हणाले, हात धुऊन येत जा. संशोधकाला असं ऐकून घ्यावंच लागतं.

१४ फेब्रुवारी, सकाळी ७
आली! आधी अंगठा. मी सवयीने म्हणालो, "बास गं, झालं." घर इतकं रिकामं आहे हे तेव्हाच कळलं. टीव्हीचा आवाज वाढवला.

१६ फेब्रुवारी
थोरली बहीण, बायडाक्का, खोडदहून आली. म्हणाली, "धम्मा, झिंग्याशी काय बोलत बसलाय? शिजवायचं सोडून!" मी शास्त्र समजावलं. तिने सरळ टाकीत हात घातला. कोळंबी तिचीही नखं साफ करू लागली. आक्का खूश. "लई गुणाची हाय रं." मी जेवलो नाही. अ‍ॅसिडिटी असावी.

२० फेब्रुवारी
सकाळी टाकीच्या तळाशी पडलेली दिसली. फिकी, हलकी, आरपार दिसणारी. पुढचं नीट आठवत नाही. "ज्योत्स्ना गेली" म्हणून ओरडत होतो म्हणे. आळी जमली. आज या घरी गॅस पेटणार नाही म्हणून शेजारच्या कंचनबाईंनी खिचडी पाठवली. आक्का पहिल्या गाडीने आली. दोन वर्षांपूर्वी स्मशानात मी रडलो नव्हतो. आज आक्काच्या मांडीवर डोकं ठेवून रडलो. ती म्हणाली, "रड बाबा. दोन वर्सं आमी याचीच वाट बघत व्हतो."

तोच दिवस, दुपारी
घर भरलेलं असतानाच खडकामागून कोळंबी बाहेर आली. टवटवीत. तिने फक्त कात टाकली होती. इंटरनेटवर हे सगळं आहे, मी वाचलं नव्हतं. कंचनबाई हळूच म्हणाल्या, "भाऊ, ही तर जिती हाय की." मी हो म्हणालो. रडू थांबेना. कोळंबी जिवंत आहे हे सगळ्यांनी बघितलं, तरी एकही माणूस उठून गेला नाही. ज्योत्स्ना मेली आहे.