झडीचा रकाना

५ मे २०२४
पोचलो एकदाचा! नाकाडोंगरीच्या जंगलात आमचं दोन खोल्यांचं केंद्र. विजेच्या तारा लांब, म्हणून अँटेनाला आकाश स्वच्छ ऐकू येतं. सूर्याकडून वादळ आलं, की पृथ्वीभोवती अडकून फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांना प्लाझ्मा-लहरी ढकलतात आणि ते खाली हवेत झडतात. ती झड नोंदवायची, हे माझं काम. स्पीकरवर या लहरी म्हणे पाखरांच्या किलबिलाटासारख्या वाटतात. स्वयंपाकाला साठीचा चौकीदार हिरालाल आहे. शुक्रवारी रिता पवनीहून येईल. लग्नाला चार महिने झाले, आता कुठे आमचा संसार सुरू होणार.

७ मे
जुनं रजिस्टर चाळलं. मागच्या वादळाच्या दिवशी ‘झड’ या रकान्यात हिरालालचं अक्षर: केस दोन मुठी, नखं सात, दात तीन. हसून हसून पोट दुखलं. तो मात्र गंभीर. म्हणाला, साहेब, तुमीच लोक सांगता झड लिवा म्हून. सकाळी झाडताना जे भेटलं ते लिवलो. कोणाचे दात, विचारलं. तर म्हणे, आधीच्या भूपेंद्र साहेबाचे, आनखी कोनाचे. शी! जेवण गेलं नाही.

९ मे
पहाटे स्पीकरवर किलबिल. इतक्या दक्षिणेला सहसा येत नाही. तासभर कान देऊन ऐकली. दुपारी वरणात केस, मुळाशी पिवळट चरबीचा गोळा. हिरालालवर खेकसलो. त्याने टोपी काढली. गुळगुळीत टक्कल, ओलसर, चिकट. केस माझा होता. ओकलो.

१० मे, सकाळ
उशीवर दाढ. जिभेला हिरडी लागते, मऊ, सडक्या केळ्यासारखी. स्पीकर बंद केला तरी किलबिल चालूच. माझ्या तोंडातून येते. ओठ मिटले की कमी होते. स्वतःचीच किळस येते आहे.
फोन लागत नाही. रिताला स्टँडवरून परत पाठव, म्हणून हिरालालला तुमसरला धाडलं.

दुपार
चुकामूक झाली. ती दाराशी आहे. आतून कडी लावली. विचारते, काहून दार लावून बसले? ओरडून सांगावं, तर तोंड उघडता येत नाही— तिनं ऐकलं तर—

चिठ्ठी सरकवली: परत जा. हसते. तिला थट्टा वाटली. विचारते, आत पाखरं पाळले का जी? दाराला कान लावलाय. छान वाटते म्हणे—

तोंडात टॉवेल कोंबला. रक्त, पू. तरी—

हसणं थांबलं. दाराखालच्या फटीतून काहीतरी आत आलंय. काळं, ओलं. तिची वेणी, रिबिनीसकट, आणि मुळाशी अजून—