नौमानचा नंबर

६ जानेवारी, सोमवार

डॉक्टर म्हणाले, "मीरासाब, जिने जरा कमी चढा." जिने कमी चढा म्हणे! एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. हलत्या गाडीत उभं राहून आयुष्य गेलं. आणि आता जिने! छातीत स्प्रिंग बसवून महिना झाला. स्प्रिंग उत्तम आहे असंही तेच म्हणाले. मग जिन्यानं काय घोडं मारलंय?

घरी येतो तर नुजहतचा मुरगूडहून फोन. पोरगी लग्न होऊन तिकडे गेली, पण हुकूम अजून या घरात चालतो. "अब्बा, नौमानचं बँकेत खातं काढा. बिस्किटाच्या डब्यात किती दिस ठेवणार त्याचा पगार?" मी म्हणालो, डब्याला काय झालंय? तर म्हणते, "डब्याला काय न्हाय झालं. डबा कुठं हाय ते फकस्त तुमालाच म्हाईत हाय." पुढचा प्रश्न गिळून तिनं फोन ठेवला.

माझ्यामागे माझ्या या पोराचं, नौमानचं काय, हा तो प्रश्न. माझी बायको सुलतानबी होती तोवर तो तिचा होता. तीन वर्षांपूर्वी गेली आणि जाताना माझ्या नावावर करून गेली.

७ जानेवारी, मंगळवार

रात्रभर डब्याचाच विचार. नौमान सत्तावीस वर्षांचा. समज जन्मापासून सावकाश. सुलतानबी म्हणायची, आपली गाडी साधी आहे, सगळे थांबे घेते, पण पोचते. बाळासोच्या दुकानात रेडियम कापून गाड्यांच्या नंबरप्लेटी करतो. हात असा स्थिर की बाळासो स्वतः बारीक काम त्याच्याकडेच देतो.

खोट एकच. मागेल त्याला देतो! दिवाळीचा बोनस स्टँडवरच्या एका अनोळखी माणसाला दिला. पुण्याला जायला तिकिटाला पैसे नव्हते म्हणे बिचाऱ्याकडे. अरे, पण पुण्याचं तिकीट तेवढं नाहीच! तेवढ्यात माणूस पुण्याला जाऊन, जेवून, परत येऊन पुन्हा जाईल. घरात कंडक्टर बसलाय, त्याला विचारायचं तरी!

८ जानेवारी, बुधवार

पहिली बँक. मोठी, थंडगार. टेबलावरचा माणूस नौमानकडे बघून मोठ्यानं आणि हळूहळू बोलायला लागला. नौमानला ऐकायला छान येतं! मग माझ्याकडे वळला. म्हणाला, असं करू, पालक म्हणून तुमचं नाव वर. कोर्टाचा कागद लागेल. सगळा व्यवहार तुम्हीच बघायचा.

खरं लिहितो, कोण वाचतंय इथे. मला ते आवडलं. डबाच की तो, फक्त बँकेचा!

नौमाननं विचारलं, "मग मी काय करायचं?" माणूस म्हणाला, "तू काही नाही करायचं." नौमान उठला. "चला अब्बा."

१० जानेवारी, शुक्रवार

दुसरी बँक. इथला साहेब चांगला होता, चहा दिला. पण म्हणाला, अंगठाच घेऊ, सही नको. आणि कार्ड नको, उगाच धोका. नौमान म्हणाला, "मला सही येत्या की." साहेब म्हणाला, "हो हो, येत असेल. पण अंगठा बरा."

नौमाननं दोन्ही हात खिशात घातले. घर येईपर्यंत बाहेर काढले नाहीत.

११ जानेवारी, शनिवार

दुसरा शनिवार. बँका बंद. हुश्श!

१३ जानेवारी, सोमवार

बाळासो दुकानात म्हणाला, "चाचा, आमच्या गल्लीतल्या सहकारी बँकेत बगा की. एक मॅडम आल्यात नव्या. बोलायला लई चांगल्या." मी म्हणालो, चहा देणारेही चांगलेच होते. बाळासो म्हणाला, "न्हाय वो, या च्या देत न्हाईत. काम करत्यात."

१५ जानेवारी, बुधवार

काय दिवस गेला!

मॅडमचं नाव मोना, कोडोलीच्या. वय नुजहतएवढं. माझ्याशी बोलेचनात. सगळं नौमानशी. दोनदा त्याच्याऐवजी मीच उत्तर दिलं, तर म्हणाल्या, "चाचा, खातं तुमचं काढायचंय का?" गप्प बसलो. मला गप्प बसवणारी बाई सुलतानबीनंतर ही दुसरी.

"नौमान, बँकेत पैसे कशाला ठेवायचे?"

नौमाननं वेळ घेतला. मी पायानं टेबलाखाली त्याला ढकलत होतो. मग म्हणाला, "कुणी मागितलं तर खिशात नसत्यात म्हणून."

बाई लिहायच्या थांबल्या. "आणि काढायचे कधी?"

"मला पायजेत तवा."

"अब्बांनी मागितले तर?"

माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. "इचार करतो," म्हणाला. अख्खी शाखा हसली. मीही हसलो, जरा उशिरा.

मग सही. आता नौमाननं अक्षरं गिरवली ती बाळासोच्या दुकानात, नंबरप्लेटीवर. त्यामुळे सहीसुद्धा तशीच! प्रत्येक अक्षर जाड, उजव्या बाजूला सावली, खाली दोन रेघा. चार मिनिटं लागली. मागे रांग. एक फेटेवाला ओरडला, "पावणं, सही करतायसा का बोर्ड रंगवतायसा?" नौमान मान वर न करता म्हणाला, "सावली ऱ्हायल्या." तीन ठिकाणी करायची होती, म्हणजे बारा मिनिटं. बाईंनी तिन्ही सह्या शेजारी धरून बघितल्या. काडीचा फरक नाही. म्हणाल्या, "माझीसुद्धा इतकी जुळत नाही."

अटी साध्या. खातं त्याच्या एकट्याच्या नावावर. कार्ड मिळणार, पण दिवसाला थोडेच पैसे निघणार. पैसे काढले की मेसेज त्याच्या फोनवर. आणि माझ्याही, पण त्याची हरकत नसेल तर! त्यानं त्यावरही विचार केला. "चालतंय," म्हणाला. उपकार झाले!

२७ जानेवारी, सोमवार

कार्ड आलं. मोना मॅडमनी त्याला मशीनपाशी नेलं, मला खुर्चीत बसवलं. नंबर त्यानं स्वतः निवडला. चार आकडी. बाई म्हणाल्या, "हा नंबर कुणाला सांगायचा नाही. मित्राला नाही, मालकाला नाही, बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्याला तर मुळीच नाही. मलासुद्धा नाही."

मी म्हणालो, मला तर सांगेलच की. "तुम्हालाही नाही, चाचा."

राग आला. अजून आहे. सत्तावीस वर्षं याचं नाक पुसलं, बूट बांधले, शाळेच्या दारात उभा राहिलो, आणि चार आकडे मला नाहीत? बाई सरळ म्हणाल्या, "तुम्हाला सांगायची सवय लागली, तर तुमच्यानंतर तो कुणालातरी सांगणारच. तो कुणीतरी कसा असेल ते तुम्हाला माहीत आहे का?" स्टँडवरचा तो पुण्याचा माणूस डोळ्यांपुढे आला. वाद संपला. राग नाही संपला.

२९ जानेवारी, बुधवार

नौमान एटीएममध्ये एकटा. मी बाहेर, काचेला नाक लावून. वॉचमन म्हणाला, "चाचा, जरा मागं सरा, लोक भ्यायला लागल्यात." सहा मिनिटं. बाहेर आला तो नोट हातात धरून, मिरवत.

म्हणाला, मिसळ खायची. खाल्ली. मी तिखट रश्शाचा कट दोनदा मागून घेतला, डॉक्टरांना काय कळतंय! बिलाला नेहमीप्रमाणे खिशात हात घातला, तर माझा हात धरला. "मी देणार." दिलं. सुट्टे परत मोजून घेतले, तेही दोनदा. मिसळ आज जास्तच तिखट होती, डोळ्यांतून पाणी येत होतं. असो.

३ फेब्रुवारी, सोमवार

या अल्ला! हसू का रडू.

सकाळी सायकल पुसायला घेतली नौमानची. मागच्या चाकाच्या मडगार्डवर झकास नवी प्लेट. एमएच ०९, पुढे दोन अक्षरं, खाली चार आकडे. पिवळं रेडियम, काळी सावली. अशी प्लेट कोल्हापुरात बुलेटवाल्यांकडेसुद्धा नसेल. म्हटलं, नौमान, सायकलला कसला रे नंबर? आरटीओनं कधी दिला?

"आरटीओचा न्हाय. माझा हाय. बँकंतला."

मी तिथेच जिन्यावर बसलो.

शुक्रवारी लावली म्हणे. म्हणजे चार दिवस हा गडी आपला नंबर मागे लावून गावभर फिरतोय! एटीएमच्या दारातसुद्धा सायकल हीच! पळत बाळासोकडे. (पळत नाही. भरभर.) बाळासो म्हणाला, "मला काय म्हाईत! म्हटलं लकी नंबर आसंल. दोन गिऱ्हाइकं इचारत हुती, आमालाबी असली प्लेट करून द्या."

नौमानला रागावायला गेलो तर त्याचंच बरोबर वाटायला लागलं. म्हणतो, "लोकं चांगल्या नंबराला लई पैसं देत्यात. झाकून कोण ठिवतंय?" आणि त्याच्या दुकानात खरंच कुणी झाकून ठेवत नाही. बोलला नव्हता तो कुणाला. बाईंनी सांगू नको म्हटलेलं, चिकटवू नको असं कुठं म्हटलेलं!

४ फेब्रुवारी, मंगळवार

नंबर बदलला. पैसे सगळे जागेवर. मोना मॅडम हसून हसून टेबलावर डोकं टेकून बसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "चूक माझी. नौमान, सांगायचा नाही, लिहायचा नाही, चिकटवायचा नाही." त्यानं तिन्ही गोष्टी बोटांवर मोजून घेतल्या.

सायकलची प्लेट काढू देईना. शेवटी आकडे सोलून तिथे "अब्बा" लावलं. सावलीसकट. आता गावात तोंड कसं दाखवू?

६ फेब्रुवारी, गुरुवार

सराव सुरू केला. नवीन कंडक्टरला आम्ही असंच तयार करायचो, अचानक विचारायचं. चहा ओतताना म्हणालो, नंबर काय रे तुझा? दोन आकडे सांगितले आणि हातानं तोंड दाबलं!

मॅडम म्हणाल्या, "अर्धा ऐकलात ना? मग बदलायचा." पुन्हा बँकेत. तिसरा नंबर. वॉचमन आता मला सलाम करतो.

१० फेब्रुवारी, सोमवार

जेवताना विचारलं. नाही. दाढी करताना विचारलं. नाही. आंघोळीला गेला होता, बाहेरून ओरडून विचारलं. आतून, "न्हाय!"

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज शबे बारात, गेलेल्यांसाठी दुवा मागायची रात्र. गर्दीच्या आधी, चारलाच नौमानला घेऊन कबरस्तानात गेलो. सुलतानबीच्या कबरीवर फुलं घातली, उदबत्ती लावली, दोघांनी फातिहा पढली. मग नौमान म्हणाला, "अब्बा, जरा लांब उभं ऱ्हावा." राहिलो. तो खाली बसला, तोंडाला हाताचा आडोसा केला आणि बराच वेळ पुटपुटत होता. याला एवढी लांब दुवा येते हे माहीत नव्हतं.

मीही लांबूनच तिला सांगितलं, बघ, तुझी साधी गाडी बँकेपर्यंत पोचली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

नुजहतनं आवाज बदलून फोन केला. "ब्यांकेतून बोलतोय, तुमचा नंबर सांगा." नौमान म्हणाला, "नुजहत, जेवलीस का?"

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज शेवटची परीक्षा. खेळ नाही, खरी.

समोर बसवलं. म्हणालो, नौमान, माझ्या छातीत स्प्रिंग आहे. उद्या मला दवाखान्यात न्यावं लागलं, पैसे लागले, तू कामावर असलास, तर? नंबर सांगून ठेव. मी बाप आहे तुझा. आवाज चढवला. मग उतरवला. मग हात जोडले. खरंच जोडले. बोलता बोलता मलाच ते खरं वाटायला लागलं होतं.

त्याचे डोळे भरले. म्हटलं, आता सांगतोय.

"किती लागतील सांगा," म्हणाला. "मी काम सोडून येतो. काढून आणतो. नंबर न्हाय."

उठून त्याला मिठी मारली. तो घाबरला, छाती दुखती का विचारायला लागला. दुखत नाही रे! गेल्या तीन वर्षांत इतका सुखाचा पराभव झाला नव्हता. नुजहतला फोन केला, बाळासोला केला, मोना मॅडमचा नंबर नव्हता नाहीतर त्यांनाही केला असता. बिस्किटाचा डबा रिकामा करून घासला. सोमवारी सगळं त्याच्या खात्यात. आता डब्यात बिस्किटं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

चहा घेताना सहज म्हणालो, शाब्बास नौमान, कुणालाच सांगितला नाहीस. त्यानं मान खाली घातली. "अम्मीला सांगितलाय. शबे बारातीला. ती कुणाला सांगत न्हाय." मग विचारलं, आणि मला? बिस्कीट बुडवत म्हणाला, "तुमी तिकडं गेल्यावर सांगतो की, तुमालाबी." आणि सायकल पुसायला गेला. चालतंय, म्हणालो.