चाळीसऐवजी अडतीस

रविवार, १२ ऑक्टोबर

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. पाकिटावरचं वाकडंतिकडं अक्षर पाहून ओळखलं नसशील. मीच आहे. हात जरा कापतो आता.

इकडे सगळं ठीक. तुझ्या वहिनीचे गुडघे कुरकुरतात, आणि ती त्यांच्याहून जास्त. दुकान सूनबाई बघते. सत्तरी उलटली की माणूस निवतो म्हणतात. मीही रोज पहाटे डोळे मिटून बसायचो. शेजारी म्हणायचे, दादा अगदी विरक्त झाले. पण डोळे मिटले की दुकानाची पायरी उतरणारी तुझी पाठ दिसायची. मग उठून चहा टाकायचो.

मागच्या महिन्यात एका मुख्याध्यापकांचा कोट शिवायला आला. सूनबाई म्हणाली, "बाबा, आज मी कापते ना."

"मी कात्री धरली तेव्हा तू जन्मलीही नव्हतीस," मी म्हणालो.

कोट पाठीत बसेना. खडूची रेघ सोडून माझी कात्री आत गेली होती. साहेब आरशासमोर, मी घाम पुसत मागे. सूनबाई पुढे झाली. "चूक माझी आहे, साहेब. पाठ नवी कापून चार दिवसांत देते."

ते गेल्यावर मी विचारलं, "खोटं का बोललीस?"

ती बॉबिन भरत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्हाला त्या वेळी बोलता आलं नसतं, बाबा."

रागवायलाही तिने जागा ठेवली नाही.

धाकट्या, इतका वेळ आडवळणाने चाललो. बावीस वर्षांपूर्वीचा डॉक्टरांच्या मुलाचा कोट. छातीत तंग झाला, म्हणून भरल्या दुकानात मी तुला म्हणालो, कात्री धरायची तुझी लायकी नाही. तू निमूट निघून गेलास. त्याच संध्याकाळी मी मापांची वही उघडली. चाळीसऐवजी अडतीस लिहिलं होतं. अक्षर माझं. तू लिहिल्याबरहुकूम कापलं होतंस. ते पान मी फाडून टाकलं.

तुझ्या वहिनीला हे गेल्या आठवड्यात सांगितलं. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मला काय सांगता? त्याला लिहा."

कात्री मी सूनबाईच्या हवाली केली आहे. बटणं लावतो, उसवलेलं शिवतो. दोरा ओवायला नातीला हाक मारतो. पूर्वी यात कमीपणा वाटला असता. आता एक बटण नीट बसलं तरी दिवस सार्थकी लागल्यासारखा वाटतो. पहाटे डोळे मिटून जे शोधत होतो, ते बहुधा हेच.

काल त्या वेळचं एक जुनं गिऱ्हाईक आलं, त्याने तुझी चौकशी केली. दुकानात चार माणसं होती. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, तो कोट धाकट्याने बिघडवला नव्हता, मी बिघडवला होता. सूनबाईने मशीन थांबवलं. मग त्या गिऱ्हाइकाने आपली पँट पुढे केली आणि मी ती उसवायला घेतली.

माफ कर असं लिहिणार होतो. पण तेही तुझ्यावरच ओझं. ये किंवा येऊ नकोस. मुलांना मात्र हे पत्र वाचून दाखव. त्यांच्या बापाचा हात सरळ होता, हे त्यांना कळू दे.

तुझ्याहून फक्त वयाने मोठा,
दादा