चौतीस इंचांवरची पत्रिका

२ फेब्रुवारी
वृषालीने तिच्या कामाचा जुना मॉनिटर पुण्याहून पाठवला. चौतीस इंच. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बाहेर येतो. आशाच्या वर्षश्राद्धाची पत्रिका यावर मीच करणार. अक्षरं मुंगीएवढी आहेत. वृषाली फोनवर म्हणाली, पप्पा, सेटिंगमध्ये स्केल १७५ करा. शंभर टक्के दिसत असताना पावणेदोनशे कशाला?

३ फेब्रुवारी
स्क्रीन पुसली. फरक नाही. टेबल खिडकीपासून हलवलं. रेझोल्यूशन कमी केलं, तर अक्षरं पसरट आणि पुसट झाली. पुन्हा होतं तसं केलं. स्केलला हात लावणार नाही. ते डोळे गेलेल्यांसाठी असतं.

५ फेब्रुवारी
शेजारच्या गेणभाऊंनी मागच्या फेब्रुवारीत त्यांच्या वडिलांच्या वर्षश्राद्धाची पत्रिका केली होती. तीच फाइल घेतली. नावं बदलली, साल बदललं. तारीख योगायोगाने आपलीच, १९ निघाली. काम वाचलं. स्क्रीनला चिकटून ओळ वाचताना चाकाची खुर्ची डावीकडून उजवीकडे न्यावी लागते. व्यायाम होतो.
पेपर साठलेत. आशा रोज सकाळी मोठ्याने वाचायची. तिला आवड होती. मी ऐकून घ्यायचो.

७ फेब्रुवारी
वृषालीने पत्रिका तपासायला मागितली. दोनदा वाचली आहे, असं सांगितलं. मंचरहून छापून आणल्या. आशाच्या माहेरी पेठला स्वतः दिल्या. मेव्हण्याला, मच्छिंद्रला, म्हणालो, मीच केली. तारखेचं बोलणं निघालं नाही. छापलेलं होतंच.

११ फेब्रुवारी
सकाळी नऊला दारात पिकअप. मच्छिंद्र, त्याच्या घरचे, आशाची मावशी बायडाबाई. सोळा माणसं. मी बनियनवर, रात्रीची भाकरी खात होतो. बायडाबाईंनी विचारलं, मांडव कुठं हाय? म्हणालो, कार्यक्रम १९ ला. मच्छिंद्रने पत्रिका पुढे केली. मी हात लांब करून पाहिली. मग अंगणात, उन्हात. मला १९ च दिसत होतं. त्या सोळाही जणांना ११ दिसत होतं.
मच्छिंद्रने आवाज चढवला नाही.
"दाजी, आक्का व्हती तवर समदं तीच वाचून दावायची तुमाला. आमाला ठावं व्हतं."
सगळ्यांना कोरा चहा दिला. दूध पुरलं नाही. बायडाबाई आशाच्या फोटोसमोर थोडा वेळ बसल्या आणि गेल्या.

१९ फेब्रुवारी
कार्यक्रम झाला. बाकीच्यांना वृषालीने आधीच फोनवर १९ तारीख सांगितली होती. पेठहून एकटा मच्छिंद्र आला. बायडाबाईंना दुसरी खेप झेपली नाही.
संध्याकाळी वृषालीने स्केल १७५ केलं. अर्धं मिनिट लागलं. पत्रिकेतला ११ दारातून दिसला. मी दोनदा वाचली नव्हती. एकदाच, तीही निम्मी अंदाजाने. हे तिला सांगायचं होतं. चहा घेणार का, एवढंच विचारलं.

२० फेब्रुवारी, सकाळी ७
पेपर स्क्रीनवर उघडला. सगळं स्वच्छ दिसतं. पहिली बातमी मोठ्याने वाचून पाहिली. अर्ध्यात थांबलो. ती यापेक्षा सावकाश वाचायची, मला समजावं म्हणून.