भर दुपारी निघणारी मुंगी

सर, त्या दिवशी सकाळी मी तिरुच्चेंदूरजवळच्या तांबड्या वाळूत गुडघे टेकून बसलो आणि एका बिळातून येणाऱ्या मुंग्या एकेक करून स्पिरिटच्या बाटलीत घेतल्या. वाळू अजून गार होती. मुंग्या बारीक, काळ्या, लांब पायांच्या, चालताना पोट वर उचलून धरणाऱ्या. तुम्ही दाखवली होती तीच ही, असं मला पाहताक्षणी वाटलं. ऊन चढायच्या आत बाटलीला बूच लावलं, बस धरली आणि देवळात मुरुगाच्या अभिषेकाला वेळेवर पोचलो. देवाला उशीर नको म्हणून उठलो होतो. थोडा वेळ थांबलो असतो तर पुढचं काहीच झालं नसतं.

तुम्ही मला ती दाखवलीत तेव्हा मी नुकताच कॉलेजात गेलो होतो. तुम्ही तिरुच्चेंदूरला नवस फेडायला निघाला होतात आणि आपल्या पापनाशमच्या स्टेशनवर मला पाहून म्हणालात, "सुट्टी आहे ना? चल मग." दर्शन झाल्यावर भर दुपारी तुम्ही मला त्या वाळूत नेता. तुम्ही छत्री मिटता आणि तिच्या टोकानं दाखवता. "सगळं जग सावलीला पळतंय, आणि ही बया आत्ताच घराबाहेर का पडते, सांग." मी म्हणतो, "सर, पाय भाजतायत." "तिचेही भाजतात. म्हणून तर धावते. उन्हानं मेलेले किडे उचलायचे आणि परत फिरायचं. हिचं नाव असेल कुठल्यातरी पुस्तकात. शोध." मी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होतो. मुंगीकडे धड पाहिलंच नाही. पुढे मी किड्यामुंग्यांचंच शास्त्र शिकलो, आता तेच शिकवतो. पण नाव शोधायच्या आत तुम्ही गेलात. गावच्या शाळेत तुम्ही आयुष्य काढलंत, आणि आज त्या शाळेत तुमचा साधा फोटोही नाही. हे मला फार लागायचं.

म्हणून त्या बाटलीतल्या मुंग्या कागदाच्या त्रिकोणी तुकड्यांच्या टोकाला चिकटवून मी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या तेव्हा माझं मन आधीच ठरलेलं होतं. त्यांच्याशी मिळतीजुळती अशी पुस्तकांत एकच जात होती, वायव्येकडच्या वाळवंटातली, आपल्या बाजूला कधी न सापडलेली. ती मोठी, रुंद आणि तांबड्या डोक्याची. माझ्या मुंग्या बारीक, त्यांचं डोकं अरुंद आणि काळं. पाय, मिशांचे सांधे, कमरेची गाठ, सगळं मोजलं आणि नवी जात म्हणून वर्णन लिहिलं. नव्या जातीला स्वतःचं नाव देत नाहीत, पण गुरूचं देता येतं. तुमचं दिलं. लेख एका शास्त्रीय नियतकालिकाला पाठवला आणि तुमच्या घरी मामींना सांगायला गेलो. त्या उंबऱ्यापुढे तांदळाच्या पिठाची रांगोळी, कोलम, काढत होत्या.

"ह्यांच्या नावाची मुंगी? मग माझं कोलम खायला येईल की नाही ती?"

"नाही मामी, ती मेलेले किडे खाते."

"अय्यो! जन्मभर कांदा खाल्ला नाही ह्यांनी, आणि नावाची मुंगी मांस खाणार?" हसता हसता त्यांनी पदरानं डोळे पुसले. संध्याकाळपर्यंत गल्लीभर बातमी पोचली होती, आणि देवळात तुमच्या नावानं अर्चनाही झाली.

मग संपादकांनी बिळाचा फोटो मागितला. या खेपेला बस चुकली आणि मी पोचलो तो भर दुपारी. त्याच बिळातून मोठ्या, तांबड्या डोक्याच्या मुंग्या बाहेर पडत होत्या. माझ्या बारीक मुंग्या त्यांच्या मिशांना मिशा लावून पुन्हा आत जात होत्या. एकाच घरातल्या थोरल्या आणि धाकट्या. धाकट्या सकाळच्या गारव्यात दार झाडायला येतात, थोरल्या उन्हात कमवायला. तुम्ही मला थोरली दाखवली होती, सर. तिचं नाव पुस्तकात होतंच. मला ते तिथेच, उभ्या उभ्या कळलं. बाटली हातात होती, पण मी एकही थोरली धरली नाही. त्या लांब जाईपर्यंत थांबलो, मग रिकाम्या बिळाचा फोटो काढला आणि घरी येऊन पाठवून दिला.

त्यानंतर रोज पूजेला बसायचो आणि मनात म्हणायचो, कुणाचं काय बिघडतं? मामी खूश आहेत, हे गुरुऋणच आहे. पण जातीच्या नावामागे वर्णन करणाऱ्याचं नाव लिहायची रीत आहे. जिथे जिथे तुमचं नाव छापलं जाईल, तिथे त्याला लागून माझं येईल. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ऋण फेडतो म्हणत मी तुमच्या पाठीमागे उभा राहून फोटोत येत होतो.

गेल्या आठवड्यात पुन्हा गेलो, दुपारी. थोरल्या आणि धाकट्या दोन्ही आणल्या, शेजारी शेजारी लावल्या आणि खाली जुनंच नाव लिहिलं. ती इतक्या दक्षिणेला सापडली, एवढंच काय ते नवं. मग मामींकडे गेलो. त्या फुलं ओवत होत्या.

"म्हणजे तिला आधीच नाव होतं?"

"हो मामी."

"मग तिचं तिला असू दे. शाळेचा खडू चुकून खिशात राहिला तर ह्यांनी भर पावसात नेऊन दिला होता." फुलाला गाठ मारून म्हणाल्या, "गल्लीत मात्र तूच सांग. मी नाही सांगणार." त्या दिवशी त्यांनी कॉफी विचारली नाही. मी दारोदार जाऊन सांगितलं. एक जण म्हणाला, "मग अर्चना परत घ्यायची का, सार?"

हे तुम्हाला पोचणार नाही, आणि पोचणार असतं तर लिहायचा धीर झाला नसता. आज सकाळी संपादकांना लिहिलं की लेख मागे घेतो. कारण लिहिलं, त्या फोटोची गोष्टही लिहिली. पण पाठवण्याआधी लेखाचं पहिलं पान उघडलं आणि खोलीत कुणी नाही हे पाहून ते नाव एकदा मोठ्यानं वाचलं. तुमचं, आणि त्यामागे माझं. कानाला फार गोड लागलं, सर. मग पाठवलं.