काच साफ आहे

८ फेब्रु., शनि. अल हैल.
घडलं ते असं.
१. अल खौदला किराण्याला गेलो. गाडी बाबा चालवत होते.
२. उजवीकडून एक माणूस रस्त्यात उतरला. हातात खबूसच्या रोट्यांची पिशवी.
३. बाबांनी ब्रेक लावला नाही. मी ओरडले, स्टिअरिंग ओढलं.
४. आरसा त्याच्या कोपराला लागला.
५. बाबा म्हणाले, "काचेवर धूळ केवढी! पाण्याचा फवाराच उडत नाही, दिसणार काय?"
माणूस कोपर चोळत "खलास, खलास", म्हणजे झालं, सोडा, म्हणत निघून गेला. बाबांनी घरापर्यंत रेडिओ मोठा लावून ठेवला.

९ फेब्रु., रवि.
बाबा दर रविवारप्रमाणे इब्राला. अर्बाबचे, म्हणजे मालकाचे, स्पेअर पार्ट तिथल्या गॅरेजांना विकायचे. "आणि स्वतःच्या गाडीला पार्ट नाही," मी म्हणाले. "गाडी माझ्या वयाची आहे, चालवून घ्यायचं." बाबा हसले. मी नाही.

१४ फेब्रु., शुक्र.
सुट्टी. बॉनेट उघडलं. फवाऱ्याची टाकी भरलेली. बटण दाबलं की मोटरचा आवाज येतो, म्हणजे फ्यूज ठीक. तोट्या पिनेने साफ केल्या, फरक नाही. नळी तोटीपासून काढली, तिथेही धार बारीकच. म्हणजे गळती आधी कुठेतरी. बिजागरीपाशी नळी उन्हाने चिरलेली, पाणी तिथूनच जात होतं. नवी घातली. वायपरची रबरंही बदलली.
फवारा थेट टपापर्यंत.
बाबांना बसवलं. "अजून धुरकटच आहे गं."
मी काच आतून-बाहेरून पुसली. परत तेच.
मग त्यांना समोर बघायला सांगून उजवीकडे हात धरला.
"हात कुठे आहे?"
"कुठला हात?"

१५ फेब्रु., शनि.
विचारलं. सरळ सांगितलं त्यांनी. काचबिंदू. मागच्या वर्षीच कळलंय. फ्रिजमधले डोळ्यांचे थेंब ते सांगायचे तसे 'डोळे कोरडे पडतात' म्हणून नाहीत.
"गेलेली नजर परत येत नाही. उरली आहे तिच्यावर चालवतोय."
"कशी?"
"इब्राचा रस्ता पाठ आहे मला."
"माणसं पाठ नसतात, बाबा."
"अर्बाबला कळलं तर परतीचं तिकीट हातात देईल. तुझ्या धाकट्या भावाचं, चिन्याचं, कॉलेज व्हायचंय अजून. आईला बोललीस तर बघ."
मी किल्ली माझ्या पर्समध्ये ठेवली.

१६ फेब्रु., रवि.
उठले तर गाडी नाही. दुसरी किल्ली होती, मला माहीत नव्हतं. ऑफिसात काही सुचलं नाही. फोन केला नाही, ते चालवताना उचलतात.
संध्याकाळी आले. उजव्या बंपरवर नवा ओरखडा, पत्र्यापर्यंत.
"हे कुठे?"
"काय कुठे?"
खोटं बोलत नव्हते.

१७ फेब्रु., सोम.
पलीकडच्या खोलीत आहेत. तोंडाने जमेना, म्हणून मेसेज पाठवला. तसाच इथे उतरवते:
बाबा, फवारा ठीक आहे. काच साफ आहे. तुम्ही गाडी चालवायची नाही. चिन्याची फी मी बघते. अर्बाबला तुम्ही सांगणार की मी सांगू? रविवारच्या आधी ठरायला हवं. गुरुवार, २० तारखेपर्यंत उत्तर द्या.